गाडीला जोर हवा

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही, भाऊजी आणि मुलं बरी असाल असं धरून चालते. तुम्ही म्हणालात, फोनवर तू हो-नाही एवढंच बोलतेस, त्यापेक्षा पत्र लिही. खरं आहे. फोन बैठकीत, आणि बाबांची खुर्ची फोनला लागून. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे असेल, पण घंटा वाजली की ते अजूनही ड्यूटीवर असल्यासारखे ताठ बसतात. त्यांच्यासमोर काय बोलणार?

बाबांचा खोकला गेला. ब्लडप्रेशर ठीक आहे. जिना चढताना मध्ये थांबतात, पण थांबल्याचं कळू नये म्हणून खिशात किल्ली शोधल्यासारखं करतात.

मुख्य बातमी गाडीची. तुमची ती जुनी छोटी गाडी अजून अंगणात ताडपत्रीखाली आहे हे तुम्हाला आठवतही नसेल. गेल्या महिन्यात एका सकाळी मी ड्यूटीला निघाले तर बाबा ताडपत्री काढून तिच्यासमोर उभे. मला म्हणाले, "हिला जोर हवा."

मी म्हटलं, "बॅटरी उतरली असेल."

"बॅटरीचं नाही म्हणत मी. जोर. घाट चढायचा जोर."

तुम्हीच एकदा सांगितलं होतंत, लहानपणी घाटात गाडी दमली की तुम्ही दोघं भावंडं उतरून चालायचात आणि गाडी तुमच्या मागून यायची. तीच गाडी. आता बाबांचं म्हणणं असं की इंजिन छोटं असलं तरी अंग त्याहून हलकं आहे, म्हणून आपण केलेलं काहीही वाया जात नाही. मोठ्या गाडीत थोडा जोर वाढला तर कुणाला पत्ताही लागत नाही, हिच्यात पायाखाली कळतो. हे त्यांना कुणी सांगितलं, तर बाजारामागच्या लेथवाल्याने. दोघांची चांगलीच गट्टी जमलीय. बाबा तारांचे माणूस, त्यांना इंजिनातलं शून्य कळत होतं. आता जेवताना कार्बोरेटरवर बोलतात.

"आधी तिचं जे गेलंय ते परत मिळवू, जास्तीचं मग बघू," असं ठरलंय. म्हणून सध्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. बाबा वर्तमानपत्र पसरून व्हॉल्व्ह घासत बसतात. मी एक्स-रेची ड्यूटी करून येते, हातपाय धुते, आणि लाकडाच्या काडीने हेडच्या आतली काजळी खरवडते. दिवसभर माणसांना उचलून, वळवून, धरून माझे हात भरून आलेले असतात, तरी नाही म्हणवत नाही. आम्ही दोघं असे घासत बसतो. बरं वाटतं.

वजन कमी करायचं म्हणून त्यांनी टपावरचा कॅरिअर काढला, खालचे गालिचे काढले, रेडिओ काढला. मागची सीटसुद्धा काढली. मी विचारलं तर म्हणाले, "दोघांना मागची सीट कशाला लागते?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तशी हलकीच आहेस. खात जा जरा."

हे कामात आहेत. तिकडचं काम लांबलंय. सवडीने तुम्हाला फोन करतील.

मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

०

१७ एप्रिल

प्रिय ताई,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहीन म्हणत होते. ड्यूटीवरून आले की पलंगावर नुसती बसते, चपलासुद्धा पायात असतात.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. या वयात बाबांनी हे उद्योग करावेत का, आणि भाऊ फोन का उचलत नाही. पहिल्याचं आधी सांगते.

गाडी चालू झाली, आणि अगदी छान चालू झाली. पण बाबांना तेवढ्यावर भागेना. लेथवाल्याने सांगितलं की हेड खालून थोडं घासलं की आतली जागा कमी होते, पेट्रोल-हवा जास्त दाबली जाते, जोर वाढतो. त्याने घासून दिलं आणि म्हणाला, "साहेब, एवढं पुरे." बाबा म्हणाले, "अजून केसभर." तो नको म्हणत होता. मी तिथेच उभी होते. बाबांचा चेहरा असा झाला होता की लेथवाल्याने मुकाट्याने मशीन पुन्हा चालू केलं.

रविवारी आम्ही घाटात गेलो. गाडी मी चालवत होते. बाबांचे हात आता थरथरतात, ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत. पहिल्या वळणांवर गाडी अशी पळाली की मला हसू आलं. मग डब्यात खडे वाजावेत तसा इंजिनातून आवाज यायला लागला. बाबा म्हणाले, "पाय काढ." मी काढला, पण चढ संपत नव्हता. अर्ध्यात फट्‌कन आवाज झाला आणि समोरून पांढरी वाफ. हेडखालचं गॅस्केट, दाब धरून ठेवणारा पातळ पत्रा, उडालं होतं.

रस्त्याच्या कडेला ऊन खात बसलो. शेवटी भाजीचा एक ट्रक रिकामा परत चालला होता, त्याने दोर बांधून ओढत आणलं. ट्रकमागे ब्रेक सांभाळत मी ती उतरण उतरले. बाबा शेजारी मांडीवर हात ठेवून बसलेले. खाली आल्यावर म्हणाले, "माझीच हाव. त्याने सांगितलं होतं."

आणि माझा तोल गेला, ताई. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी मोठ्याने बोलले नव्हते. अंगणात उभी राहून बोलले. कशासाठी चाललंय हे सगळं, कोणाला जायचंय कुठे, रविवारचा एक दिवस मला पाठ टेकायला मिळतो तोही तुम्ही घेता. खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "तू पड जरा. चहा मी करतो."

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

तुमचा भाऊ तुमचा फोन उचलणार नाही. मागच्या पत्रात मी त्याला 'हे' लिहिलं, ते सवयीने. नवीन वर्ष लागायच्या आधी तो आला होता. बाबा त्या वेळी दवाखान्यात तपासणीला गेले होते. त्याने बॅगेत कपडे भरले. तिकडे त्याचं दुसरं घर आहे, बऱ्याच दिवसांपासून आहे. हे मला त्याने पलंगाच्या कडेवर बसून, मोज्यांच्या जोड्या लावत सांगितलं. मी भांडले नाही. भांडायला अंगात काही लागतं. दारात पोचल्यावर म्हणाला, "बाबांना तू सांग. मला नाही जमणार."

मलाही जमलं नाही. बाबा परत आले, रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश होते. मी म्हटलं, कामाला जावं लागलं, घाईत गेले. मग आठवड्याने म्हटलं, मी कामावर असताना त्यांचा फोन आला होता हॉस्पिटलात, तुमची तब्येत विचारत होते. बाबा म्हणाले, "बरं." तेव्हापासून अधूनमधून एकेक निरोप मी देते. जेवता ना वेळेवर, विचारलंय. जिना जपून चढा, सांगितलंय. दर वेळी ते "बरं" म्हणतात. हे कुठे थांबवायचं ते कळत नाही.

तुम्ही त्यांना काही बोलू नका. फोनवर तर नाहीच.

डोळे मिटायला लागलेत. पुरे करते.

तुमची,
वहिनी

०

२८ जून

प्रिय ताई,

वरचा पत्ता बघून तुम्ही चमकला असाल. मी घाटापलीकडे आले आहे. इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे विभाग माझ्याकडे दिलाय. हॉस्पिटलच्या मागेच राहायला खोली आहे. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी. तुमची दोन्ही पत्रं बाबांनी इकडे पाठवली, न फोडता. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहू आणि कसं, ते ठरत नव्हतं. झालं तसंच लिहिते.

गॅस्केट उडाल्यावर मला वाटलं, संपलं. नाही संपलं. लेथवाल्याने जाड गॅस्केट बसवलं, म्हणजे जास्त घासलेलं थोडं भरून निघालं. खडे वाजू नयेत म्हणून ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं. मग मोठ्या इंजिनाचा एक जुना कार्बोरेटर मिळाला, तो बसवायला बाबांनी स्वतः पत्रा कापला आणि बोटही कापून घेतलं. सायलेन्सरचा पाइप रुंद केला. रेडिएटरला दुसरा पंखा लावला, त्याच्या तारा मात्र बाबांनी कुणाला हात लावू दिल्या नाहीत. त्या थरथरत्या हातांनी जोडलेल्या एवढ्या सुबक तारा मी हॉस्पिटलातल्या मशीनमध्येही पाहिल्या नाहीत.

मे महिन्याच्या शेवटी बाबा म्हणाले, "येतेस का? नको असेल तर राहू दे." मागच्या बोलण्याची मला लाज होती, म्हणून गेले.

गाडी चढली, ताई. तिसऱ्या गिअरवर, दम न खाता. तुम्ही जिथे उतरून चालायचात ते वळण बाबांनी दाखवलं, तिथेही पायाखाली अजून जोर शिल्लक होता. खडे वाजले नाहीत. तापमानाचा काटा मधोमध. माथ्यावर सपाटी आहे, तिथे त्यांनीच थांबायला सांगितलं. खाली पलीकडचं हे गाव दिसत होतं.

बाबांनी बोटाने दाखवलं. "ते हॉस्पिटल. टाकीच्या अलीकडे. तुला तिथेच यायचंय ना?"

तुम्हालाही हे सांगितलं नव्हतं. तो गेल्यावर काही दिवसांनी मी इथे अर्ज केला होता. उत्तर आलं नाही, म्हणून समजले की घेतलं नसणार. घेतलं नाही तेच बरं, असंही वाटलं, म्हणजे बाबांना सांगायला नको.

"जानेवारीत त्या हॉस्पिटलातून फोन आला होता," बाबा म्हणाले. "तू ड्यूटीवर होतीस. त्यांनी विचारलं, बाई येणार का. मी म्हटलं, येईल. जूनमध्ये खोली रिकामी होतेय म्हणाले. मी म्हटलं, चालेल, तोवर आमच्या गाडीचं काम होईल."

"मला न विचारता?"

"तू मला न विचारता त्याचे निरोप देत होतीस."

मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या निरोपापासून. त्याने कधी माझी तब्येत विचारलीय? शाळेत होता तेव्हापासून ओळखतो मी त्याला." मग त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली. "तू सांगशील म्हणून थांबलो. नंतर वाटलं, आता तुझ्याकडून ते वदवून घेणं बरं नाही. बसने हा घाट तुला सोसत नाही, उलट्या होतात. म्हणून म्हटलं, गाडी तरी नीट करून देऊ."

तुम्हाला वाटेल मी रडले. मला झोप आली. खोटं वाटेल, पण सहा महिन्यांची झोप एकदम डोळ्यांवर आली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते टेकलंच. जागी झाले तेव्हा सावल्या फिरल्या होत्या. बाबा बाहेर दगडावर बसून माझ्या खिडकीवर वर्तमानपत्र धरून होते, ऊन येऊ नये म्हणून.

त्याच दिवशी खाली उतरून हॉस्पिटल पाहिलं. हो म्हणायचं की नाही ते माझ्यावर होतं, बाबांनी तसं पुन्हा सांगितलं. मी आत गेले, मशीन पाहिलं, खोली पाहिली, आणि हो म्हणाले.

आता जे लिहायला इतके दिवस लागले ते.

मी बाबांना म्हटलं, तुम्हीही चला. ते म्हणाले, नको, एका खोलीत दोघांची अडचण होईल, आणि आपल्या गल्लीतले लोक माझ्या ओळखीचे आहेत. मी पुन्हा म्हटलं नाही. एकदाही नाही. त्यांनी नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, ताई. त्यांच्यासारखा माणूस मला कुठे मिळणार नाही, आणि तरी मला कुणाची औषधं, कुणाचा जिना, कुणाचं "बरं" काही नको होतं. दार लावून एकटीने पडायचं होतं. त्यांना ते दिसलं असणार. त्यांना सगळं दिसतं.

सामान आणलं त्या दिवशी ते घाटातून माझ्यासोबत आले, इंजिनाचा आवाज ऐकत. माझ्या खोलीतला दिवा दुरुस्त केला, नळाला चिंधी बांधली, आणि दुपारच्या बसने परत गेले. गाडी इथेच ठेवून. मी म्हटलं, अंगण रिकामं दिसेल. म्हणाले, "कपडे वाळत घालीन."

मी दर रविवारी जाते. पण बाकीचे दिवस ते एकटे आहेत. परवा शेजारच्या बाई सांगत होत्या, जिन्यात मध्येच पायरीवर बसतात आता, किल्ली शोधायचं सोंगही करत नाहीत. म्हणून तुम्हाला लिहितेय. मुलांच्या सुट्टीत या आणि जरा जास्त राहा. मी सांगितलं म्हणून आलात असं म्हणू नका. तुमच्याकडे न्यायचं काढलंत तर ते आधी नको म्हणतील. माझ्यासारखं एकदाच विचारून थांबू नका.

वकिलाकडून घटस्फोटाचे कागद आलेत. सोमवारी सही करणार आहे. भावाशी बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्यासाठी तोडू नका.

सही झाल्यावर तुम्हाला काय म्हणायचं आणि स्वतःला काय लिहायचं, यावर बराच वेळ अडले होते. दुसरं काही सुचलं नाही. तुमची हरकत असेल तर कळवा.

तुमची,
वहिनी