चहाच्या चार ग्लासांचा बचाव

गुरुवार, करामा

इथल्या, आखातातल्या आमच्या फुटबॉल टीमचा बचाव बसवणारे वसईचे आंतोन कॅनडाला चालले! कॅफेटेरियात आज नुसता गोंधळ. "आता बचाव खलास," माझा नवरा म्हणाला. चहाचे चार ग्लास मांडून जो तो बचाव समजावत होता, आणि सगळेच चुकत होते. मला राहवेना. मी मधल्या दोनपैकी एक ग्लास डावीकडे सरकवला. "डावीकडचा पुढे गेला की हा त्याची जागा भरतो." दर शुक्रवारी मैदानाकाठी बसून मी काय फक्त सामोसेच वाटते?

आंतोन हसले. "रडताय कशाला? वहिनी आहेत ना!"

नवरा त्या ग्लासाकडे बघतच राहिला. टीमचा बचाव बसवणं मला जमेल का? जमेल! उद्या सामोसे त्यानं वाटायचे.