मंगल की अंगण

पारगाव,
६ जानेवारी २००३

प्रिय अंजाताई,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे. कारखान्याचा सीझन जोरात आहे, वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग संपत नाही आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल एकाच गाडीवानाला दोनदा काट्यावर चढवलं, साहेबांची बोलणी खाल्ली.

दिवाळी अंकात माझी कविता आली ते तुला सासरी आळ्याला कळलंच असेल. आपल्या मंगलवरची. धाकटी, लाडाची, म्हणून आपण तिला ‘ते’ म्हणायचो ना, तसंच लिहिलं होतं : ‘आमचं मंगल पाण्यात राहिलं, आम्ही वर येऊन बसलो.’ टाईप करणाऱ्याला माझं अक्षर लागलं नाही. त्यानं मंगलचं अंगण केलं. अंक हातात पडला आणि माझं डोकंच फिरलं. पोर धरणात बुडाल्याला दहा वर्षं झाली, आता कुठं तिचं नाव छापून यायचं, तर तेही पुसलं गेलं.

चूक कळवायला एसटी पकडणार, तर नव्या गावठाणातला जानकू दारात. अंक घडी घालून खिशात. म्हणाला, भाऊ, माझंच लिवलंय राव तुमी, बायको रोज वाचून दावा म्हनती. त्याच्या शेजारच्या सारजाबाईनं तर ती ओळ पाठ केलीय. ज्यांची घरं पाण्यात गेली त्या सगळ्यांचं अंगण त्या ओळीत आहे. मी बहिणीसाठी रडत लिहिलं आणि हे रडतायत आपापल्या ओट्यासाठी. आधी राग आला. मग वाटलं, त्यांनी आपलं त्यात घातलं म्हणून माझं कमी झालं का? नकळत का होईना, मंगलसाठी एवढी माणसं कधी रडली नव्हती. येत्या रविवारी ती ओळ समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवणार आहेत. शब्द बरोबर आहेत ना, असं जानकू विचारून गेला. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आईला कुणीतरी वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, अंगण व्हय, बरं झालं, पोरीचं नाव नगं तिथं. आणि मग नेहमीसारखं तुझ्यावर घसरली, अंजीनं धुण्याच्या नादात पोरीकडं बघितलं नाय म्हणून. तू लग्न होऊन गेलीस ती माहेरी फिरकली नाहीस, ते ह्याच बोलण्यापायी.

ताई, चूक छापणाऱ्याची होती, पण ती माझ्या सोयीची झाली. अंगण म्हटलं की ते पाण्याकडं गेलं कसं, असं कुणी विचारत नाही. मंगल तुझी नजर चुकवून गेलं नव्हतं. पाणी कुठवर चढलं ते बघून ये, म्हणून मीच त्याला पाठवलं. मी बाजेवर लोळत होतो. चौदा वर्षांचा होतो, पण कळत होतं. बोल तुला लागत राहिले आणि मी खाली मान घालून भाकरी खात राहिलो. भिंतीवर अंगणच राहू दे, ते आता जानकूचं आहे, सारजाबाईचं आहे. आईला मात्र रविवारी सकाळी, घरातच, मी मंगलचं सांगणार आहे. ती काय करायचं ते करील. तू ये. माझी बाजू घेऊ नकोस, फक्त समोर बस, म्हणजे मला परत गप्प बसता येणार नाही.

तुझाच,
रामदास