सोसेल तेवढं मीठ

२३ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. बाबा दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. तुझी कंबर कशी आहे? बेकरीत पिठाची पोती स्वतः उचलत जाऊ नकोस गं.

माझं ठीक. कारखान्यात यीस्ट वाळवायचं नवं यंत्र आलंय. वारा जरा जास्त गरम झाला की सगळा माल वाया. बेताने वाळवलं तर पेशी आपल्या आत एक प्रकारची साखर साठवते, आणि तिच्या आधारावर पार कोरडी होऊनही तग धरते. कोमट पाण्यात टाकली की पुन्हा जागी.

हे तुला का सांगत बसलोय? मुद्द्यावर यायची भीती वाटतेय म्हणून. फोनवर प्रयत्न केला होता. तुझा थकलेला आवाज ऐकला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

मागच्या वेळी मी आलो, तेव्हा दुपारी तू बेकरीत होतीस. कामाच्या मावशी बाबांचे कपडे धूत होत्या. बाबांनी विचारलं, "काय रे, पिठात मीठ जास्त पडलं की यीस्ट मरतं ना?"

जन्मभर पाव भाजलेल्या माणसाला मी काय सांगणार? तरी शहाणपणा केलाच. "लगेच नाही मरत, बाबा. आधी पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, ती आक्रसते, काम थांबवते. मग आतल्या आत ग्लिसरॉल बनवते, ते निसटू नये म्हणून दारं लावून घेते. त्याच्या जोरावर पाणी परत आत खेचते आणि लागते कामाला."

बाबा हसले. "एवढ्याशा जिवाला सोसतं, मग मला थोडं नाही सोसणार? किती दिवस झाले, नुसता चोथा चावतोय. तुझी ताई म्हणजे पोलीस आहे, पोलीस!"

ताई, माझ्या बॅगेत खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती. मी ती त्यांच्या हातात दिली. "चारच दाणे हं," म्हणालो आणि गाडी गाठायला पळालो. पुडी परत घेतली नाही.

त्यांच्या दुबळ्या हृदयाला मीठ चालत नाही, अंगात पाणी साठतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा होतो. पण रोज 'नाही' म्हणून वाईट व्हायचं ते तू, आणि एका दिवसासाठी येऊन लाडकं व्हायचं ते मी. त्याची मला चटक लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, छातीत पाणी झालं. जेवणात मीठ घातलं म्हणून तू मावशींना काढून टाकलंस. मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी काय म्हणालो, आठवतं? "हल्ली कुणावर भरवसाच ठेवता येत नाही." याच तोंडाने म्हणालो.

काल मी मावशींकडे गेलो होतो. तुझ्या गल्लीवरूनच गेलो, वर यायचं धाडस झालं नाही. दारातच सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "उशीखाली रिकामी पुडी सापडली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या वडिलांनी हात जोडले हो. म्हणाले, पोरगा कधीमधी येतो. ताई त्याला रागावली तर तेवढंही येणं बंद होईल."

मी तिथेच जिन्यात बसलो. त्यांनीच पाणी आणून दिलं. परत या म्हटलं, तर म्हणाल्या, "ज्यांनी काढलं, त्यांनी बोलवावं. आणि खरं काय ते कळल्यावर बोलवावं."

आता तुला कळलं. त्यांना बोलाव, ताई. बाबांना मात्र काही बोलू नकोस.

मी शनिवारी येतोय, राहायला. रजा मागितली होती, साहेबांनी कुरकुरत का होईना, दिली. बाबांचं पथ्याचं मी करीन, त्यांना 'नाही' मी म्हणेन. आणि तुला मला जे बोलायचंय, ते बाबांच्या समोर बोल, चांगलं आवाज चढवून. तू रागावलीस तरी मी जात नाही, एवढं त्यांना एकदा दिसू दे.

तुझ्या रागाची वाट पाहणारा,
बारक्या