घरचं सिम

ती. ताईस नमस्कार (इथवर तुझा हात पोचून कान पिळला जाणार नाही, म्हणून धीटपणे),

शनिवारी सकाळी मी फोनमधून घरचं सिम काढून इथलं घातलं, आणि तिथेच माझं सगळं बदललं. हे मेसेजवर कळवलं असतं तर आईने चष्मा लावून बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं असतं, म्हणून पत्र.

मी मजेत आहे. लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करतो, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? मी कॉलेज सोडल्याचं बाबा अजून काढतात का?

आता खरं सांगतो. मागच्या गल्लीतल्या मास्तरांच्या मुलीला शनिवारी बघायला येणार होते. आमचं ठरलं होतं, तिने नकार दिला की मला मिस्ड कॉल द्यायचा आणि मी लगेच फोन करून मास्तरांशी बोलायचं. दिवसभर फोन वाजला नाही. तिने होकार दिला असं धरून मी तणतणलो, एक चादर जाळली. मुकादम म्हणाला, "आधी डोकं थंड कर, मग इस्त्री गरम कर."

आज लॉन्ड्रीत घरचं सिम परत घातलं, तर मेसेज आला. तिचे अकरा मिस्ड कॉल!

बाबांच्या कानावर तूच घाल, पण त्यांचं जेवण झाल्यावर. खोलीत रेंज नाही, म्हणून बाहेर जाऊन मास्तरांना फोन लावतो. बूट घातलेत. मास्तरांशी आवाज न चढवता बोलेन, तुझी शपथ.

दार ओढून घेतो, निघालो.

तुझाच,
धाकटा