जार पाहुण्यांचा

वडनेर भोलजी
१४ मार्च २०२५

चि. नागसेन,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

सोमवारी, १० मार्चला, सकाळी साडेदहा वाजता तू माझ्या भावाच्या ओसरीवर किडनीच्या आजाराची पाहणी करायला बसलास आणि चुकलास. फोनवर नुसतं हो-हो करतोस, म्हणून लिहिते.

कुठलं पाणी पिता, हे तू सहदेवमामाला विचारलंस. तो ऐटीत म्हणाला, आमच्याकडं समदे जारचंच पानी पेतात. तू फॉर्मवर खूण केलीस, चहा घेतलास, निघालास. अरे शहाण्या, विकतच्या गोड्या पाण्याचा जार पुरुषांना आणि पाहुण्यांना! तो त्यांना पुरला पाहिजे म्हणून बनामामी आणि तिची सून मनाली बोअरचं खारं पाणी पितात. मामी दाराआडच उभी होती, सुजलेल्या पायांवर. डायलिसिसवरची बाई! बोलली काऊन नाहीस, विचारलं, तर म्हणते, मले कोनं इचारलं, ताई?

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर उत्तर चुकलं की पान फाडायला लावायच्या. तूही फाड. ये, आणि स्वयंपाकघरात बसून विचार. मामी वाट पाहते.

तुझी आई,
समता

नागपूर
२४ मार्च २०२५

ती. आईस,
सा. जयभीम.

पत्र वाचून ओशाळलो. पण प्रत्येक घरातून एकालाच, म्हणजे कुटुंबप्रमुखालाच विचारायचं, हे आधीच ठरलंय. एका घरासाठी बदललं तर सगळ्या पाहणीवर बोट ठेवतील. जार घेणाऱ्या घरांतल्या बायकाही आजारी का पडतात, हे कोडं आम्हाला सुटत नाहीये, हे मात्र खरं. अहवाल १५ एप्रिलला जायचाय. पुढच्या पाहणीत बघू.

मामीला जप. रागावलीस तरी माया असू दे.

तुझा,
नागसेन

वडनेर भोलजी
३ एप्रिल २०२५

चि. नागसेन,
जयभीम.

बनामामी काल गेली. शेवटी घशाला कोरड पडली, तेव्हा मामानं स्वतःच्या हातानं चमच्यानं पाणी पाजलं. जारचं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या घरची पाहुणी झाली.

भेटायला माणसं येताहेत, जार त्यांनाच पुरत नाही. मनाली बोअरच्या माठातलंच पिते. आज सकाळी तिचा पाय चपलेत जाईना. तुझं कोडं चुलीपाशी उभं आहे, बाबा, डोक्यावर पदर घेऊन.

मामीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम १३ तारखेला आहे. मनालीला कोण विचारणार आणि कधी, ते १२ एप्रिलच्या आत मला लेखी कळव. माया मागतोस ना? ती उत्तर आल्यावर.

समता