वैशालीचा पहिला तास

शुक्रवार, संध्याकाळ. पांढुर्णा.

वैशालीचा तास अजून डोक्यातून जात नाही. पीएच.डी. करता करता बी.एस्सी.चे वर्ग घेणाऱ्या नव्या मुलांना तयार करायचं काम माझ्याकडे आहे. रामाकोना गावची ही मुलगी प्रशिक्षणात दोनदा बोलता बोलता अडली, म्हणून विभागप्रमुख तिला वर्ग द्यायला तयार नव्हते. आजचा तास पाहून मी ठरवायचं होतं.

विषय सॅम्पलिंग, म्हणजे थोडं पाहून सगळ्याचा अंदाज. मी मागच्या बाकावर. ती टिपणातली वाक्यं जशीच्या तशी वाचत होती आणि मुलं वह्यांत रेघोट्या मारत होती. उठून मदत करावी का? नाही उठलो, तेच बरं.

मग तिनं टिपण मिटलं. "संत्र्याचा बगीचा घेताना व्यापारी काय पाहते?"

"रस्त्याकडचे झाडं, मॅडम!" एक मुलगा म्हणाला. "आतले कोन पाहते? तिथं फळ बारीक रायते."

"मंग तुह्या बाबानं फसवलं म्हन त्याले!" त्याच्या शेजारचा ओरडला.

वर्ग हसला.

"तू व्यापारी असता तर?" वैशालीनं त्या पहिल्या मुलाला विचारलं.

"चिठ्ठ्या टाकून निघतील तेच झाडं पाह्यले असते."

तेव्हा कुठे तिनं फळ्यावर 'रँडम सॅम्पल' लिहिलं. रेघोट्या मारणारी मुलं ते वहीत उतरवून घेऊ लागली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "सर, प्रशिक्षणात तुम्ही दिलेली उदाहरणं राहूनच गेली. वर्ग भेटन का मले?"

ती उदाहरणं मी किती वर्षं वाटतो आहे, पण त्यांवर कोणी एवढं बोललेलं आठवत नाही. म्हटलं, "सोमवारपासून वर्ग तुझा. आणि हे संत्र्याचं मला लिहून दे, बाकीच्यांना शिकवतो."