अठ्ठावीस चुकीच्या शेऱ्यांपैकी एकच दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सातवी ‘ब’, हजेरी क्रमांक ३४ हिच्या प्रगतिपुस्तकातील शेरा बदलण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले दुरुस्तीविषयक परिपत्रक. २) मुख्याध्यापिकाबाईंचे तोंडी उत्तर, ‘माझ्या हातात काही नाही.’

महोदय,

१. मी मुलींच्या शाळेत एकोणीस वर्षे वर्गशिक्षिका आहे. शेरे उतरवण्याची आमची रीत अशी, की एकीने वहीतून वाचायचे आणि दुसरीने प्रगतिपुस्तकात लिहायचे. नावे वाचत नाहीत, वेळ जातो. यंदा चित्रकलेच्या बाई वाचत होत्या. दर शेऱ्यानंतर त्या ‘पुढे’ म्हणत व मी पुढे जात असे. दहाव्या पुस्तकानंतर हात लिहितो आणि डोके चहाची वाट पाहते, हे आपणही कधीकाळी शिक्षक असल्याने जाणताच.

२. सातव्या क्रमांकाची मुलगी सत्राच्या मध्येच शाळा सोडून गेली. कार्यालयाने हजेरीपटाचे क्रमांक नव्याने लावले; माझी वही मात्र जुनीच राहिली, गेलेलीच्या शेऱ्यासकट. परिणामी सातव्या मुलीपासून खाली प्रत्येकीला आपल्या वरचीचा शेरा गेला. एकूण अठ्ठावीस.

३. चूक महिनाभर कोणाच्या लक्षात आली नाही. पालकांच्या दोनच तक्रारी आल्या. त्या दोन्ही पहिल्या सहा मुलींच्या, म्हणजे ज्यांचे शेरे बरोबर होते त्यांच्या घरून.

४. उलट, वर्गातील सर्वांत बडबडी मुलगी ‘शांत व समंजस’ हा शेरा वाचून इतकी चकित झाली, की तेव्हापासून गप्प आहे. तिची आई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, ‘बाई, आम्ही बारा वर्षं सांभाळतोय, पण ओळखलं तुम्हीच.’ मी मान डोलावली. तेहतीस क्रमांकाच्या मुलीला ‘वाचनाची गोडी आहे’ असे मिळाले. तिने या महिन्यात वाचनालयातून तीन पुस्तके नेली. दोन परतही केली.

५. या तेहतीस क्रमांकासाठी मी मुळात लिहिले होते, ‘अभ्यास झेपत नाही. हाताच्या कामाकडे वळवावे.’ हा शेरा चौतीस क्रमांकाला गेला. तिचे वडील सायकली दुरुस्त करतात. ते प्रगतिपुस्तक घेऊन आले. मी चूक कबूल केली तेव्हा म्हणाले, ‘अक्षर तुमचं, सही तुमची, शिक्का शाळेचा. आता पोरीची दया आली म्हणून फिरवताय होय? तिच्या आत्याचं शिवणाचं दुकान आहे, काजं-बटणं शिकेल. शनिवारी दाखला तयार ठेवा.’ आत्या बाहेर उभी होती. तिने मुलीची बोटे तपासून पाहिली व पसंत केली.

६. चौतीस क्रमांकाचा खरा शेरा कोणालाच मिळालेला नाही, कारण तिच्या खाली कोणी नाही. तो असा : ‘गणिते स्वतःच्या पद्धतीने सोडवते. पद्धत मला कळायला दोन दिवस लागले. उत्तर बरोबर होते. हिला पुढे शिकवावे.’

७. परिपत्रकानुसार चूक दुरुस्त करायची तर सगळी, नाहीतर मुळीच नाही. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी तर समजूतही घातली, ‘बाई, अठ्ठावीसजणी खूश आहेत, एकीसाठी कशाला गावभर बोभाटा?’ हिशेब थोडा चुकला. खूश सत्तावीस आहेत. सगळे शेरे पूर्ववत केले, तर तेहतीस क्रमांकाला मला स्वतः जाऊन सांगावे लागेल, की तुला अभ्यास झेपत नाही. ती सध्या तिसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर आहे. ते वाक्य मी कशाच्या आधारे लिहिले होते, हे वहीत शोधले. आधार सापडला नाही. मागील बाकावर बसते, एवढेच सापडले.

८. तरी सत्तावीस चुका आहेत तशा राहू द्याव्यात व फक्त एक दुरुस्त करण्याची लेखी परवानगी शिक्क्यासह द्यावी. वडिलांचा विश्वास आता शिक्क्यावरच उरला आहे, माझ्यावर नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. परवानगी न आल्यास शनिवारी सकाळी दाखल्याऐवजी दुरुस्त प्रगतिपुस्तक घेऊन मी स्वतः सायकलच्या दुकानात जाईन.

शुक्रवारी चार वाजेपर्यंत आपली आज्ञाधारक,

(सही)
वर्गशिक्षिका, सातवी ‘ब’
बुधवार, शाळा सुटल्यावर

सोबत :
१) शेऱ्यांची मूळ वही.
२) चौतीस क्रमांकाची गणिताची उत्तरपत्रिका. (कृपया दोन दिवस हाताशी ठेवून वाचावी.)
३) विनापरवानगी दुरुस्ती केल्याबद्दल मला येणाऱ्या नोटिशीचे उत्तर, आगाऊ. नोटिशीच्या तारखेची जागा कोरी सोडली आहे.